अंतर देणें

लंडन व मुंबई या शहरांमधील हवाई अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. हें अंतर बदलत नाहीं. बदलत आला आहे तो प्रवासाचा काळ. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजांना महिनेच्या महिने लागत. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यावर आगबोटीनें हाच प्रवास दोन-तीन आठवड्यांत होऊं लागला. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें एअर इंडियाचें विमान मुंबईहून निघालें व कैरो, जिनीव्हा हे मुक्काम घेत १० तारखेस लंडनला पोहोंचलें. आज लंडनहून मुंबईस यावयास नऊ तास पुरतात.

हा केवळ यंत्रविद्येचा विजय नव्हे; त्याबरोबर एक नैतिक प्रश्नहि आला आहे. १८९१ च्या जून महिन्यांत गांधीजी बॅरिस्टर होऊन लंडनहून निघाले. स्वदेशीं परतल्यावर त्यांना कळलें कीं, आपण विलायतेंत असतांनाच आई वारली. परक्या देशांत हा आघात सोसावा लागूं नये, म्हणून वडील बंधूंनीं ती वार्ता त्यांच्यापासून लपविली होती. त्या बंधूंना आपण दोष देत नाहीं आणि दूर राहिलेल्या मुलालाहि देत नाहीं. मध्यें तीन आठवड्यांचा समुद्र होता. त्यानेंच दोघांना दोषमुक्त केलें होतें.

आज आईची प्रकृति बिघडल्याचें सायंकाळीं कळलें, तर लंडनमधील मुलगा दुसऱ्या दिवशीं तिच्या उशाशीं बसूं शकतो. मग त्यानें आलेंच पाहिजे काय? जें अशक्य तें कर्तव्य ठरत नाहीं, हें तत्त्व कांटच्या नीतिविचारांत मान्य आहे. परंतु त्याचा व्यत्यास खरा नाहीं. जें जें शक्य तें तें सर्व कर्तव्यच, असें म्हणतां येत नाहीं. नोकरी, लहान मुलें, तिकिटाचा खर्च, परदेशांत राहण्याच्या परवान्याच्या अटी, हीं खोटीं कारणें नव्हत. म्हणून नऊ तासांचा हिशेब मांडून शेजाऱ्याच्या मुलाला कृतघ्न ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

स्वतःचा न्याय करतांना मात्र हा हिशेब टाळतां येत नाहीं. "एवढ्यासाठीं येऊं नकोस, बाळा," असें आई म्हणते तें तिचें औदार्य होय. त्याच्या आड लपणें हा आपला दुबळेपणा ठरेल. पूर्वीं न येण्याचें कारण समुद्र सांगत असे. आतां तें आपल्यालाच सांगावें लागतें, आणि तें निदान स्वतःशीं तरी खरें असावें लागतें.

आपल्या भाषेंत 'अंतर देणें' याचा अर्थ आपल्या माणसाचा त्याग करणें असा आहे. पूर्वीं अंतर भूगोल देत असे आणि माणूस तें सोशीत असे. विमानानें भूगोलाच्या हातून तें काढून घेतलें. यापुढें अंतर द्यावयाचें कीं नाहीं, हें आपल्या हातीं आलें आहे.