विकायचे की वापरायचे?

दिवाळी जवळ आली की आपल्या घरातल्या वस्तूंचे भाग्य उजळते. भिंतींना चुना लागतो, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरून चिंचेने घासली जातात, आणि वर्षभर चिखलातून धावलेली मोटारसायकलही दसऱ्याला झेंडूची माळ गळ्यात पडल्यापासून एकाएकी घरातल्या माणसासारखी वागवली जाऊ लागते. तिच्या सीटवरची भेग याच दिवसांत प्रथम डोळ्यांना खुपते. मागे दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या साइड बॅगा विटल्या आहेत, हेही याच दिवसांत ध्यानात येते. मग घरातले कुणीतरी सहज म्हणते, "रंग मारून घ्या की! नव्यासारखी दिसेल."

'नव्यासारखी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. त्यात 'नवी' आहे, आणि 'सारखी'ही आहे. या 'सारखी'च्या आड एक नैतिक प्रश्न दडून बसलेला असतो. जुन्या वस्तूला रंग देणे ही त्या वस्तूची सेवा, की पाहणाऱ्याची फसवणूक?

सीटच्या रेक्झिनमध्ये नीतिशास्त्र शोधण्याची हौस कशाला, असे कुणी म्हणेल. पण माणसाची नीती मोठ्या प्रसंगी क्वचित आणि लहानसहान व्यवहारांत रोज कसोटीला लागते. हरिश्चंद्राची वेळ आपल्यावर येत नाही. जुनी गाडी विकण्याची मात्र हमखास येते.

आधी वस्तूच नीट पाहू. सीटचे आवरण बहुधा रेक्झिनचे असते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हातान्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या सीटमधून हे द्रव्य वर्षानुवर्षे कमी होत जाते, थर कडक होतो आणि बसणाऱ्याच्या भाराने शिवणीपाशी तडकतो. त्या भेगेतून पावसाचे पाणी आतल्या फोममध्ये उतरते. फोम ते धरून ठेवतो, आणि पत्र्याची बैठक असेल तर तीही खालून गंजू लागते. म्हणजे वरून दिसते ती एवढीशी भेग. खरा आजार आत ओल धरून बसलेला असतो. अशा भेगेवर नुसता रंग फिरवला तर ती झाकते, पण मिटत नाही. चार दिवस कुणी बसले-उठले की पुन्हा तोंड उघडते.

चामड्याची गोष्ट निराळी. ते सच्छिद्र असते. पाणी पिते, तेल पिते आणि रंगही पिते. कोरडे पडले की तडकते. म्हणून आपले शेतकरी मोटेला आणि पायातल्या वहाणांना तेल चोळत असत. मोटेला रंग द्यावा असे कुणाच्या मनात आल्याचे मी ऐकले नाही. तिने पाणी ओढावे एवढीच अपेक्षा होती, आणि त्यासाठी तेल पुरेसे होते. मराठीत कच्च्या कातड्याचे चामडे करण्याला 'कमावणे' म्हणतात. बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात दिवसचे दिवस मुरल्यावर ते कुजणे विसरते. रंग विकत मिळतो. चामडे कमवावे लागते. ज्यांनी ते कमावले, त्यांना मात्र आपण शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. त्यांची मोट विहिरीत चालली, त्यांच्या हाताचे पाणी चालले नाही. वस्तू स्वच्छ हवी, पण ती स्वच्छ करणारा हात अस्वच्छ मानायचा, हा डाग कोणत्याही रंगाने झाकणारा नाही. तो धुवावाच लागेल.

आता रंग देण्याची रीत पाहा. रंगाचे खरे काम रंगाच्या आधीच झालेले असते. प्रथम सौम्य साबणाच्या पाण्याने धूळ आणि घाम काढायचा. शिवणीत बसलेली माती मऊ ब्रशाने उकरायची. मग सावलीत पुरते वाळू द्यायचे. त्यानंतर स्पिरिटच्या बोळ्याने जुन्या पॉलिशचा तेलकटपणा पुसायचा, कारण तेलकटावर रंग धरत नाही. चामडे असेल तर बारीक पॉलिशकागद हलकेच फिरवायचा. एवढे झाल्यावर रंगाचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की दुसरा. शेवटी पांढरे फडके घासून पाहायचे. फडके पांढरेच राहिले तर काम झाले. घाई करणारा रेक्झिन पेट्रोलने पुसतो. त्याने मळ झटकन निघतो खरा, पण मऊपणा देणारे ते द्रव्यही त्याबरोबर निघून जाते.

रंग म्हणजे खोटेपणा, असे म्हणणारे कडक नीतिवादी मला पटत नाहीत. तसे असते तर भिंतीला चुना देणारा प्रत्येक गृहस्थ लबाड ठरेल. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होत असे, तीही एका धातूवर दुसऱ्याचा मुलामाच होती. पण त्या कथलाच्या थरामुळे आंबट आमटी भांड्यात कळकत नसे. आणि कल्हईवाला आधी भांडे घासून, तापवून, नवसागर टाकून लख्ख करी. मगच कथील फिरवी. मळक्या भांड्यावर कल्हई बसतच नसे. वस्तूच्या कामाला जो थर मदत करतो तो तिचा पोशाख आहे. वस्तूचे वैगुण्य जो लपवतो तो तिचा मुखवटा.

पण पोशाख कोणता आणि मुखवटा कोणता, हे ओळखावे कसे? याचे उत्तर मला एका कारागिराच्या तोंडून मिळाले.

आमच्या गावी एस.टी. स्टँडमागे सीट शिवणाऱ्याचे एक दुकान आहे. एका दिवाळीच्या तोंडावर मी तिथे माझ्या गाडीची सीट घेऊन गेलो. सीट हातात घेताच तो म्हणाला, "गुरुजी, विकायची आहे का वापरायची?"

"दोन्हीत फरक काय?" मी विचारले.

"लई फरक. विकायची असेल तर अर्ध्या तासात करून देतो. वापरायची असेल तर ठेवून जा. कव्हर उसवावं लागंल, फोम वाळवावा लागंल."

माझ्याआधी एक दलाल चार सीट टाकून गेला होता. त्या 'विकायच्या' होत्या. भेगांत काळी लुकणी भरून वर रंगाचा एक जाड हात बसला आणि त्या आरशासारख्या चमकू लागल्या. इतक्यात एक निवृत्त ग्रामसेवक आले. त्यांच्या हातात बुलेटच्या चामडी बॅगा होत्या. वीस-बावीस वर्षे गावोगावचे दप्तर वाहून त्या थकल्या होत्या. "धुवा, तेल द्या, रंग द्या," ते म्हणाले, आणि पट्ट्याजवळच्या एका काळपट डागावर बोट ठेवून पुढे म्हणाले, "एवढं मात्र राहू द्या. हात इथंच पडायचा माझा." कारागिराने मान डोलावली. मळ कोणता आणि खूण कोणती, हे त्या दोघांना न बोलता कळले होते.

मी घरी परतलो, पण तो प्रश्न माझ्याबरोबर आला. एकच माणूस, एकच हत्यार, एकच रंग. पण घेणारा परका असला की काम वेगळे आणि आपला असला की वेगळे. सारी मेख इथेच आहे.

आपल्या कायद्यानेही या मेखेशी झटापट केली आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यातले सतरावे कलम कपट कशाला म्हणावे ते सांगते. त्यात घोड्याचे उदाहरण आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ते कपट नव्हे. मात्र विकत घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर खोड सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि जाणूनबुजून एखादी गोष्ट लपवण्याची कृती केली, तर ते कपटच. मोटारसायकल हा आजचा घोडाच. भेगेविषयी मौन पाळणे एक, आणि भेगेवर लुकणी भरून रंग चढवणे दुसरे. ते मौन नव्हे. रंग बोलतो. 'मी धड आहे' असे तो गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगतो. विकणाऱ्याचे तोंड बंद असते एवढेच.

कायदा मुलीपाशी थांबला. थांबणे त्याला भाग होते. नीतीचा प्रश्न त्याच्या पुढून सुरू होतो. बाजारात समोर उभा राहणारा माणूस कुणाचा तरी मुलगा असतोच ना?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. गाडी विकणाराही पुष्कळदा अडलेला असतो. कुणाच्या घरी आजारपण असते, कुणाला पोराची फी भरायची असते. भेग दाखवली तर गिऱ्हाईक हजार-दोन हजार तोडून मागते. शिवाय गिऱ्हाइकालाही चमकच हवी असते. तो यंत्राचा आवाज ऐकण्याआधी सीटवरून हात फिरवतो. मग एकट्या विकणाऱ्यालाच दोष का?

आक्षेप मान्य. पण जुनी गाडी घेतो कोण, हेही पाहा. नव्या गाडीला कंपनीची हमी मिळते. तिसऱ्या-चौथ्या हाताची गाडी घेतो तो दूधवाला, पेपरवाला, पहाटे मंडईला भाजी नेणारा. त्याच्या वाट्याला हमी येत नाही. फक्त रंग येतो. पहिल्या पावसात तो रंग त्याच्या पायजम्यावर उतरतो, आणि ज्या सीटसाठी त्याने मोजून पैसे दिले तीच पुन्हा शिवायला आणखी पैसे जातात. वस्तूतले वैगुण्य पाण्यासारखे उताराकडे वाहते; ते नेहमी आपल्याहून गरीब माणसाच्या दारात जाऊन साचते. अडलेल्याने आपली अडचण त्याहून अडलेल्याच्या गळ्यात घालावी, याला निर्वाह म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

मार्ग अगदी साधा आहे. रंग अवश्य द्यावा, आणि तो दिला आहे असे सांगावे. 'इथे भेग होती, आतून शिवून घेतली आहे,' हे एक वाक्य उच्चारले की मुखवट्याचा पोशाख होतो. चार पैसे कमी मिळतील. पण पुढे तोच माणूस बाजारात दिसला, तर रस्ता बदलावा लागणार नाही. ही मिळकत कोणत्याही वहीत मांडता येत नसली, तरी ती खरी मिळकत आहे.

शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही छळतो. तपासणीच्या आधी मुलांकडून चार उत्तरे घोकून घेतली की वर्ग कसा झळकतो! ती 'विकायची' विद्या. पोराला आयुष्यात उपयोगी पडावे म्हणून जे शिकवायचे, त्यासाठी आतली ओल काढावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि तपासनीसाला ते दिसेलच असे नाही. आपली मते, आपली सौजन्ये, सणावारी एकमेकांना दिलेल्या शुभेच्छा, सगळ्यांनाच कधीतरी हा प्रश्न विचारून पाहावा. हे विकायचे आहे की वापरायचे?

आणि याचे उत्तर आपल्या सणाला फार पूर्वी ठाऊक झाले आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे थंडीत कुडकुडत आपण आधी तेल लावतो, उटण्याने मळ काढतो, ऊन पाण्याने न्हातो. नवे कपडे त्यानंतर. पारोशा अंगावर नवा सदरा चढवू पाहणाऱ्या पोराला आजी हाताला धरून न्हाणीघरात परत पाठवते. नवा सदरा वाईट आहे म्हणून नव्हे. त्याची पाळी अजून आलेली नाही म्हणून.