पन्नाशीनंतरची सायकल



सेवाग्रामच्या किंवा पवनारच्या रस्त्यावर पहाटे सायकली पूर्वीही दिसत. दूधवाले, पेपर टाकणारी मुले आणि कामावर निघालेले मजूर त्यांवर असत. आता त्यांच्या जोडीला हेल्मेट घातलेले शिक्षक, बँकेतले साहेब, दुकानदार असे पंचेचाळीस-पन्नाशीचे लोकही दिसू लागले आहेत. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात अशांची थट्टा होते. 'या वयात हे काय खूळ? शेवटी मातीच व्हायची ना?' राखेच्या बुधवारी आपण सर्वच कपाळावर राख लावून घेतो, त्यामुळे हा टोमणा अगदीच वायफळ म्हणता येत नाही. ज्या शरीराची माती होणार, त्याची एवढी निगा राखणे ख्रिस्ती माणसाला शोभते का?

संत पौलाने तीमथ्याला लिहिले की, शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आहे, सुभक्तीचा सर्व बाबतींत आहे. व्यायाम टाळणाऱ्यांना हे वचन फार आवडते! पण पौल 'थोडा' म्हणतो, 'मुळीच नाही' असे म्हणत नाही. शिवाय करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा आणि मुष्टियुद्ध करणाऱ्यांचा दाखला त्यानेच दिला आहे. मैदानावर घाम गाळणाऱ्यांकडे त्याने आदराने पाहिले होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहू. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी दीर्घकाळ संबंधित असलेले डॉ. एस. पी. कलंत्री पन्नाशी ओलांडल्यावर सायकलीकडे वळले आणि पुढे लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' करू लागले. ब्रेव्हे हा प्रकार मूळचा फ्रान्समधला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पार करायचे. वाटेत पंक्चर झाले तर आपले आपणच काढायचे. आम्हाला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे इथे पहिला नंबर नसतो. वेळेच्या आत पोहोचलेले सारे सारखेच. पौलाच्या शर्यतीत बक्षीस एकालाच मिळते, इथे मात्र तरण्या पोराच्या मागून तीन तासांनी आलेल्या साठीच्या गृहस्थाचाही तेवढाच मान. मध्यम वयात शरीराकडे वळणाऱ्याला हा नियम फार सोयीचा आहे, कारण दुसऱ्याशी तुलना करू लागला की तो एकतर गुडघा दुखवून घेतो नाहीतर महिनाभरात सायकल गच्चीवर टाकतो.

तुलना आणखी एका वाटेने शिरते. वजन दहा किलोने उतरले, साखर आटोक्यात आली, की जीभ सुटते. 'अमक्याला मधुमेह झाला? होणारच, हलतो कुठे तो!' असे शब्द आपण ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला. तो केल्याने हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका कमी होतो. कमी होतो, नाहीसा होत नाही. रोज व्यायाम करणाऱ्यालाही कर्करोग होतो. शेतात दिवसभर राबणारी बाईही रक्तदाबाने आजारी पडते. म्हणून आरोग्याला पुण्याई समजणे आणि आजाराला पापाची शिक्षा समजणे आम्हाला सायकलीच्या खुळापेक्षा कितीतरी जास्त घातक वाटते. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो सरळ नाकारला होता.

मग शरीर कमवायचे कशासाठी? याचे उत्तर घरातच सापडते. पक्षाघाताने अंथरूण धरलेल्या माणसाचे दुखणे तो एकटा भोगत नाही. त्याला कुशीवर वळवणारी बायको असते, नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी असते. त्यांची सेवा धन्य आहे यात शंका नाही. पण जे टाळणे आपल्या हातात आहे तेवढे तरी त्यांच्यासाठी टाळावे. पहाटेचा एक तास स्वतःला दिला की घरातला एक तास बुडतो हेही खरे. डबा, पाणी, मुलांची शाळा हे सगळे पत्नीवर टाकून नवरा तंदुरुस्त होत असेल, तर तिची सायकल कोण घेणार?

अंगातली ताकद कुठे खर्च होते हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. पुढे सत्तरीच्या सुमारास तिथेच त्यांनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश केले. विनोबांना पोटाचा जुना विकार होता. तरी मार्च १९५१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले आणि त्या प्रवासात १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झाले.

सायकलीचेच उदाहरण हवे तर इटलीतल्या जिनो बार्ताली या श्रद्धावान कॅथलिक सायकलपटूचे घ्या. १९३८ आणि १९४८ साली त्याने फ्रान्सची प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' जिंकली. या दोन विजयांच्या मधल्या काळात, जर्मन फौजांच्या ताब्यातल्या इटलीत, सराव करतो असे दाखवून तो सायकलीच्या नळीत बनावट ओळखपत्रे लपवून नेत असे. ती लपून राहिलेल्या यहुदी कुटुंबांसाठी होती. याबद्दल तो हयातीत फारसे बोलला नाही. २००० साली तो वारला आणि २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गिअरची महागडी सायकल लागत नाही. घरात पडून असलेली साधी सायकल तेल घालून, ब्रेक तपासून चालते. सीट एवढी उंच असावी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा उन्हे चढायच्या आत घरी परतावे. आणि वाटेत धर्मग्रामातल्या एखाद्या आजाऱ्याचे घर लागत असेल, तर पाच मिनिटे सायकल भिंतीला टेकवून आत डोकावून यावे.