पाच कोऱ्या खोल्या

इंग्लंडच्या उत्तर भागात, मँचेस्टरपासून जवळच, बोल्टन नावाचं गाव आहे. सूत कातायचं ‘म्यूल’ हे यंत्र १७७९ साली याच गावच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनने तयार केलं आणि पुढची दीडशे वर्षं गाव सुतावर जगलं. लाल विटांच्या उंच गिरण्या अजून उभ्या आहेत, चात्या मात्र केव्हाच थांबल्या. १९६०च्या दशकात या गिरण्यांमध्ये काम करायला गुजरातेतून पुष्कळ माणसं आली आणि इथलीच झाली. त्यांच्यापैकी एका घरातल्या दोन चुलतभावांची ही गोष्ट.

थोरला हिशेबनीस. धाकटा नाटकांचे सेट उभारणारा सुतार. दोघांनाही एअरसॉफ्टचं वेड. हा खेळ मूळचा जपानातला, १९७०च्या दशकातला. बंदूक दिसायला हुबेहूब खरी. सुटते ती ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, वजन साधारण ०.२० ग्रॅम. डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, तोंडाला जाळी. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, इथे कसलाच डाग उरत नाही. गोळी लागली की खेळाडूने स्वतःच हात वर करून ‘हिट’ म्हणून ओरडायचं, खिशातलं लाल फडकं डोक्यावर टाकायचं आणि आपल्या तळाकडे परत जायचं. तळाला हात लावला की पुन्हा जिवंत. देखरेखीला मार्शल असतात, पण अंधाऱ्या खोलीत कुणाच्या पाठीला गोळी चाटून गेली हे मार्शलला कुठून दिसणार? सगळा खेळ माणसाच्या शब्दावर चालतो. मला या खेळाचं खरं मोल यातच वाटतं.

भावांनी एका बंद गिरणीचा दुसरा मजला भाड्याने घेतला. जागा साधारण ११ हजार चौरस फूट, ओतीव लोखंडाच्या खांबांच्या रांगा, एका अंगाला मोठमोठ्या खिडक्या. म्यूल लांबलचक असत, म्हणून कताईचे मजले असे रुंद आणि मोकळे बांधलेले. धाकट्याने प्लायवूडच्या भिंती घालून चौदा खोल्या केल्या. मधोमध एक चौक, आरपार जाणारा एक सरळ बोळ, त्याच्या दोन टोकांना दोन संघांचे तळ. चौकात शिरायला दोन दारं.

आगीच्या धोक्याची तपासणी करणारा माणूस आला. त्याने जिने बघितले, बाहेर पडायच्या दारांची रुंदी फितीने मोजली आणि सांगितलं, ‘एका वेळी शंभर माणसं सुखरूप बाहेर काढता येतील.’ थोरल्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं : १००. तो आकडा जागा रिकामी करण्याचा होता. थोरल्याने तो भरण्याचा धरला.

सुरुवातीला रविवारी तीस-पस्तीस जण यायचे आणि खेळ रंगायचा. गावोगावी बोलबाला झाला. पस्तीसचे साठ झाले, साठचे ऐंशी, आणि एका रविवारी ९४. थोरल्याने गल्ला दोनदा मोजला. धाकटा मार्शलची पिवळी बंडी घालून चौकाच्या दारात उभा होता, त्याला वेगळंच दिसत होतं.

दारापाशी पाठीला पाठ लागलेली होती. पुढचे दोघे गुडघ्यावर, त्यांच्यामागे चौघे वाकलेले, त्यामागे रांग थेट बोळात. मागच्यांना गोळी झाडायला समोर आपल्याच माणसांच्या पाठी. ज्यांना गोळी लागायची ते लाल फडकं डोक्यावर घेऊन त्याच बोळातून उलटे घुसायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची खांद्याला खांदा लागून रेटारेटी व्हायची. गर्दीच्या वाफेने चष्मे धुरकटले होते. चष्मा तर काढता येत नाही, काढला की मार्शल खेळ थांबवतो. त्या रांगेत भाड्याची बंदूक घेतलेला एक मुलगा होता, पहिल्यांदाच आलेला. अर्धा डाव त्याने समोरच्या माणसाची पाठ बघत काढला. शेवटी दाराशी पोचला, डोकं बाहेर काढलं, आणि दोन हातांवरून चार-पाच गोळ्या एकदम मानेवर बसल्या. आतल्या मैदानांवर एका चापाला एकच गोळी असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, इथेही होता. पण पाच जणांनी एकेक झाडली की लागायच्या त्या पाच लागतातच. जेवणाच्या सुट्टीत मुलाने बंदूक काउंटरवर ठेवली, ‘थँक्स’ म्हणाला आणि निघून गेला.

यापेक्षा वाईट गोष्ट हळूहळू घडत होती. लोक हिट कबूल करेनासे झाले. सगळेच लबाड होते असं नव्हे. विटांच्या भिंतीवरून आणि लोखंडी खांबांवरून गोळ्या उडून अंगावर यायच्या, त्यात शेजाऱ्याचं कोपर लागायचं. लागलं ते नेमकं काय हे कळायचंच नाही. पण कळलं तरी हात वर करायचा म्हणजे अर्ध्या तासाने मिळालेली दारातली जागा सोडून पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचं. खरं बोलणं इतकं महाग झालं, की ज्यांनी आजवर कधी एक हिट लपवली नव्हती तेही गप्प बसू लागले. मग ‘तुला लागली’, ‘नाही लागली’. मग शिव्या. सर्वांत आधी यायचे थांबले ते जुने, सभ्य खेळाडू.

नवेही टिकेनात, आणि त्याचा फटका मोठा होता. ब्रिटनमध्ये २००६च्या कायद्यानंतर खरी भासणारी नकली बंदूक वाटेल त्याला विकता येत नाही. घेणारा नियमित खेळाडू आहे हे दिसावं लागतं. रूढ रीत अशी, की नोंदणी असलेल्या मैदानावर निदान ५६ दिवसांच्या अवधीत तीन वेळा खेळलेलं असावं. म्हणजे नवा माणूस तीनदा आला तर त्याला स्वतःची बंदूक घेता येते, आणि मग तो पुढे वर्षानुवर्षं येतो. या गिरणीत माणसं दुसऱ्यांदाच येत नव्हती.

चार महिन्यांत ९४चे १८ झाले.

आणि आता उलटंच संकट. नऊ विरुद्ध नऊ, खोल्या चौदा. दोघे जण बोळाच्या टोकाला नळी रोखून बसायचे, त्या सरळ बोळात पाऊल टाकायची कुणाची छाती व्हायची नाही, आणि बाकीचे रिकाम्या खोल्यांतून माणूस शोधत हिंडायचे. ज्यांनी गर्दीला कंटाळून तक्रार केली होती त्यांच्यातलेच काही जण आता शुकशुकाटाला कंटाळले.

सोमवारी दोघे भाऊ भांडायला बसले.

‘‘अर्धा मजला परत देऊन टाकू,’’ थोरला म्हणाला. ‘‘जागा आपल्याला झेपत नाही.’’

‘‘मोटाभाई, जागा कमी आहे म्हणून तर लोक गेले! वरचा मजला घ्या. मी अजून दहा खोल्या करतो.’’

‘‘अठरा माणसांना चोवीस खोल्या?’’

मजला झाडायला मासी यायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, याच गिरणीत तरुणपणी रिंगफ्रेम या यंत्रावर सूत कातलेल्या. रविवारी रात्री सांडलेल्या गोळ्या गोळा करणं हे त्यांचं काम. भांडण त्यांनी बराच वेळ ऐकलं.

‘‘दीकरा, एक विचारू? तुम्ही खेळ संपल्यावर कधी खाली बघितलंत?’’

पुढच्या रविवारी त्यांनी झाडू कोपऱ्यात उभा केला आणि दोघांना दिवा घेऊन मजल्यावर फिरवलं. दुपारच्या खेळाच्या पांढऱ्या गोळ्या होत्या तशाच पडल्या होत्या. चौकाच्या दोन दारांपाशी थर साचला होता, पाय ठेवला तर घसरेल असा. बोळाच्या दोन टोकांना पट्टे. आणि उत्तरेकडच्या पाच खोल्या कोऱ्या. एक गोळी नाही.

‘‘आज माणसं कमी आहेत, मासी,’’ थोरला म्हणाला.

‘‘शंभराला सहा कमी होती ना, त्या रविवारीपण या पाच खोल्यांत मी झाडू लावला नव्हता. दारापाशी मात्र घमेली भरली होती.’’

थोरला जागीच थांबला. हिशेबाचा माणूस, त्याला मांडून दाखवायला लागलं नाही. ९४ माणसांनी अकरा हजार चौरस फुटांचं भाडं भरलं होतं आणि खेळली होती त्याच्या चौथ्या हिश्श्यात.

मासी एका कोऱ्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ‘‘हिला दार एकच. आत गेला तो कोंडला. तुमच्या पोरांना हे कळतं, म्हणून ती आत जात नाहीत.’’ मग त्यांनी गिरणीतली गोष्ट काढली. त्यांच्या वेळी एका मॅनेजरने याच मजल्यावर जादा रिंगफ्रेम बसवल्या. फ्रेम वाढल्या तशा मधल्या वाटा अरुंद झाल्या. धागा तुटला की सांधायला बाई तिथे पोचायला हवी. ढकलगाडी आली की वाट अडायची, बाई पलीकडे खोळंबायची आणि चात्या नुसत्याच फिरत राहायच्या. ‘‘मशीन वाढली, सूत नाही वाढलं. मॅनेजर रोज फ्रेमा मोजायचा. वाट कुणी मोजली नाही.’’

धाकट्याने त्या आठवड्यात करवत काढली. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथून पुढे दोघांनी वाद घालणं सोडलं आणि मोजायला लागले.

थोरला घड्याळ घेऊन तळाशी बसला. गोळी लागलेला माणूस अर्ध्या मिनिटाच्या आत परत जिवंत होत होता, कारण बोळाच्या टोकाचा तळ चौकापासून थोड्याच पावलांवर होता. म्हणजे आलेली जवळजवळ सगळी माणसं सदा सर्वकाळ दारातच. धाकट्याने तळ मागे नेले आणि खिडक्यांच्या अंगाने भिंतीला धरून एक वेगळी वाट काढली, फक्त लाल फडकंवाल्यांसाठी. खेळाडू तिला ‘मेलेल्यांची वाट’ म्हणू लागले. परतायला आता दीडेक मिनिट लागे. त्यामुळे कुठल्याही क्षणी बरीच माणसं त्या वाटेवर चालत असत, दारावरचा भार आपोआप हलका होई, आणि जिवंत-मेल्यांची टक्कर बंद झाली. चालता चालता श्वास खाली बसे, चष्मा निवळे. हिट कबूल करणाऱ्याचं आता रांगेतलं काही जात नव्हतं, कारण रांगच उरली नव्हती.

पाचही कोऱ्या खोल्यांना दुसरं दार कापलं. चौकात शिरायच्या वाटा दोनाच्या पाच केल्या. सरळ बोळ तीन ठिकाणी मोडला, म्हणजे एका माणसाला टोकाला बसून सगळा मजला अडवता येईना. आणि चाकांवर सरकणाऱ्या तीन भिंती केल्या. वीस-बावीस माणसं असली की पूर्वेकडचा भाग बंद, माणसं वाढली की एकेक भिंत उघडायची. सरकत्या भिंतीने बाहेर पडायचं कुठलंच दार झाकलं जाऊ नये म्हणून तपासणीवाल्याला पुन्हा बोलावलं. या वेळी थोरल्याने त्याला वेगळा प्रश्न विचारला : ‘माणसं बाहेर किती पडतील ते कळलं. आत किती खेळतील?’ तो माणूस म्हणाला, ‘ते माझं काम नाही.’ अगदी बरोबर बोलला.

तो आकडा ठरवायला मासींचाच आधार घेतला. एका रविवारी चाळीस जण घेतले, मग चव्वेचाळीस, मग बावन्न. दर रविवारी रात्री झाडायच्या आधी तिघे दिवा घेऊन फिरायचे. चव्वेचाळीसला गोळ्या मजलाभर पसरलेल्या दिसल्या. बावन्नला चौकाच्या एका दारापाशी पुन्हा थर धरू लागला होता. थोरल्याने वहीच्या पहिल्या पानावरचं १०० खोडलं आणि ४८ लिहिलं. लिहिताना हात थोडा अडखळला असणार. भाडं तर तेवढंच होतं.

लोक लगेच परतले नाहीत. तुटलेला विश्वास पाटी बदलून येत नाही. पण जे आले ते दुसऱ्यांदा आले, त्यांच्यातले बरेच तिसऱ्यांदा, आणि बंदुका घेण्यासाठी नोंदणीचे अर्ज मागू लागले. उन्हाळ्यापर्यंत रविवार ४०च्या वर स्थिरावला.

ऑगस्टचा शेवटचा सोमवार इंग्लंडात सुट्टीचा. त्या दिवसासाठी ४३ नावं झाली होती तेव्हा फोन आला. बारा मित्र, सगळ्यांना बंदुका भाड्याने हव्यात, म्हणजे एरवीच्या दुप्पट कमाई. धाकटा समोर भिंतीला चाक बसवत होता. त्याने मान वर केली नाही, पण पाना फिरायचा थांबला होता.

‘‘पाच जागा आहेत,’’ थोरला फोनवर म्हणाला. ‘‘नाहीतर पुढच्या रविवारी बाराही जण या.’’

पलीकडून दर वाढला.

‘‘पैशाचं नाही हो. बारा आलात तर तुम्हालाच खेळता येणार नाही.’’

पलीकडचा माणूस वैतागला, विचार करून सांगतो म्हणाला. पुढच्या रविवारी त्यांच्यातले नऊ जण आले, तिघे आले नाहीत. थोरल्याने वहीत नऊ मांडले, आधीच्या नावांत मिळवले, आणि पूर्वेकडची भिंत उघडायची की बंद ठेवायची हे विचारायला मासींकडे गेला.