पिल्लाची ओळख

निफाडकडच्या वावरात कांद्याची पात पांढऱ्या कागदावर झटकली, की बारीक पिवळसर ठिपके पळू लागतात. शेतकरी म्हणतो, "थ्रिप्स आलेत." शेजारच्या टोमॅटोवर तसेच ठिपके, द्राक्षाच्या घडातही तसेच. नाव एक, म्हणून अनेकदा फवाराही एकच.

कीड मात्र वेगवेगळी असते. कांद्यावरचा 'थ्रिप्स टॅबासी' आयरिस यलो स्पॉट हा विषाणू पसरवतो. पश्चिम भारतातल्या कांद्यावर त्याची पहिली नोंद 2006 साली प्रसिद्ध झाली. टोमॅटोवरचा 'थ्रिप्स पामी' बड नेक्रोसिसचा विषाणू नेतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे प्रौढ वेगळे करता येतात: टॅबासीच्या माथ्यावरचे तीन साधे डोळे राखाडी, पामीचे लाल. पिल्लांना ना पंख, ना हे तीन डोळे. आणि हे विषाणू कीड उचलते ती पिल्लू असतानाच. पंख फुटल्यावर ती ते रोपारोपांवर पोचवते. रोगाचं मूळ ज्या वयात रुजतं, त्याच वयात किडीची ओळख पटणं सर्वांत अवघड.

डीएनएचं मोल मला इथे कळतं. पिल्लाचा आणि प्रौढाचा डीएनए एकच असतो. 2003 साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी सुचवलं, की सीओआय जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचावा आणि आधीच्या नोंदींशी ताडून प्राणी ओळखावा. बांधावरच्या तणातलं पिल्लू पामीचं निघालं, तर आधी टोमॅटो सांभाळायचा; टॅबासीचं निघालं, तर कांदा.

पण त्या नोंदीवर पहिलं नाव लिहिलं कोणी? काचपट्टीवर कीटक ठेवून त्याचे केस न् केस मोजणाऱ्या अभ्यासकाने. त्याची ओळख चुकली, तर यंत्र तीच चूक पुन्हा पुन्हा ठामपणे सांगत राहील. उलट, द्राक्षावर आणि मिरचीवर येणारा 'सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस' एकच समजला जाई. त्या नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत हे डीएनएने दाखवलं. डोळा आणि जनुक एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात. म्हणूनच डीएनए काढून घेतल्यावरही कीटकाचं कवच काचपट्टीसाठी जपून ठेवण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते.

कृषी महाविद्यालयांनी ही दोन्ही कौशल्यं एकाच विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत. कागदावरचं ते पिल्लू अल्कोहोलच्या कुपीतून प्रयोगशाळेत जावं, आणि पुढच्या फवारणीआधी त्याचं नाव त्याच वावरात परत यावं.