झिजलेल्या मापाचा दोष कुणाचा?

अचौर्य व्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान सांगितलं आहे. घ्यायचं माप मोठं, द्यायचं लहान, ही चोरीच. त्यात कुणाला शंका नाही. पण माप कुणी मुद्दाम खोटं केलं नाही, वापरून वापरून आपोआप झिजलं, तर दोष कुणाचा?

मला याचं उत्तर हवामानाच्या उपग्रहांविषयी वाचताना मिळालं. आमच्या नवागामात बरीच माणसं खानदेशातली. तिकडे तापीच्या खोऱ्यात पाऊस कोसळला की पाणी हतनूर, उकाई करत सुरतेला येतं. ऑगस्ट २००६ चा पूर इथं कोण विसरेल? म्हणून आभाळातला डोळा खरं सांगतो की नाही, हा आमच्या घरचाच प्रश्न.

इन्सॅट-३डी २०१३ साली गेला, इन्सॅट-३डीआर २०१६ साली. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढगाच्या माथ्याचं तापमान मोजणं हे त्यांचं एक काम. माथा जितका थंड, तितका ढग उंच. पण अवकाशातल्या ऊनथंडीत यंत्रही हळूहळू बदलतं. म्हणून ते एकदा रिकाम्या, गार अवकाशाकडे पाहतं, एकदा स्वतःजवळच्या, तापमान ठाऊक असलेल्या काळ्या पृष्ठाकडे.

एवढ्या आत्मपरीक्षणावर शास्त्रज्ञ थांबत नाहीत, बरं का! त्याच वेळी, त्याच जागी दुसऱ्या उपग्रहानं काय पाहिलं, ते शेजारी ठेवतात. २००५ पासून देशोदेशींचे उपग्रह असे एकमेकांशी ताडून पाहण्याची जागतिक व्यवस्थाच आहे. दृश्य प्रकाशाच्या मोजणीसाठी आपल्या शास्त्रज्ञांनी कच्छच्या रणाचाही आधार घेतला.

मग त्या फरकाचा आलेख निघतो. आडव्या बाजूला तारखा, उभ्या बाजूला फरक, मध्ये शून्याची रेघ. एखादाच ठिपका वरखाली गेला तर कुणी घाबरत नाही. दरवर्षी त्याच दिवसांत लाट उठली, तर तो सूर्याच्या जागेचा परिणाम असू शकतो. एकदम पायरी दिसली, तर त्या दिवशी यंत्रात किंवा हिशेबात काही बदललं का, ते शोधतात. आणि ठिपके वर्षानुवर्षं एकाच बाजूला सरकत गेले, तर झिजेचा संशय येतो. ही झीज एका दिवसात कधी दिसत नाही. ती सापडली म्हणून लगेच उपग्रह टाकून देत नाहीत, की जुने आकडे पुसत नाहीत. दुरुस्ती शेजारी लिहून ठेवतात.

आता घरात या. ‘हल्ली मिरचीला तिखटपणाच राहिला नाही,’ असं म्हातारपणी वाटतं. मिरची बदलली की जीभ? दोन्ही शक्य आहे. नुसतं पुन्हा चाखून ते कळायचं नाही; तीच भाजी दुसऱ्या कुणाला चाखायला द्यावी लागते. जिभेचं जे, तेच मनाचं. दूध लेकीच्या हातून उतू गेलं तर ‘दमली असेल पोर’, आणि सुनेच्या हातून गेलं तर ‘लक्षच नसतं हिचं’. दूध तेच, गॅस तोच. दोन निकाल शेजारी ठेवले की फरक कुठला, ते दिसतं. एखाद्या दिवशीची चिडचिड सोडून द्यावी. पण वर्षभर काटा एकाच माणसाच्या विरुद्ध कलत असेल, तर त्या माणसाआधी काटा तपासावा.

माप झिजणं पाप नाही. देहाला, मनाला, यंत्राला ते चुकत नाही. पण ‘माझं माप पूर्वी बरोबर होतं’ एवढ्या भरवशावर दुसऱ्याला आयुष्यभर कमी तोलत राहणं, हे मात्र मला त्या अतिचारातच मोडतं असं वाटतं. कारण तपासणं आपल्या हातात होतं.