शिल्लक कोणाची?

१९९८च्या आसपास गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार बनू लागली. फायबरग्लासची हलकी बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. अशी जुनी गाडी हाती आली, तर तिला टर्बो किट बसवावं का?

'माझा पैसा, माझी गाडी' हे सोपं उत्तर. शिवाय टर्बोची ताकद फुकटची वाटते. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर त्याचा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. पण जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं, पिस्टनवर दाब आणि उष्णता वाढते. क्लच, ब्रेक मात्र जुनेच. डिझाइन करणाऱ्याने मागे ठेवलेली शिल्लक आपण खर्चून टाकतो.

ती शिल्लक आपल्या एकट्याची असते का? वेग ८०चा १२० झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. आमच्या परभणी-गंगाखेड रस्त्यावर हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. मागे दिवा असेलच असं नाही. त्या ड्रायव्हरला तुमच्या किटबद्दल कोणी विचारलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असे बदल करायला मनाई करतं, ते मला म्हणूनच जाचक वाटत नाही.

मग हौस मारायची का? नाही. आधी टायर, ब्रेक, सस्पेन्शन नीट करा आणि आहेत ते साठ घोडे पुरेपूर पळवा. तरी भूक उरलीच, तर ट्रॅकसाठी वेगळी गाडी बांधा आणि चेन्नई-कोइम्बतूरचे रेस ट्रॅक गाठा. तिथे धोका पत्करणारा प्रत्येक जण स्वतःहून आलेला असतो.