संदिग्धतेचा भार कोणी वाहावा?

कायद्याची इंग्रजी कितीही रुक्ष असली तरी अर्थाच्या बाबतीत ती निःसंदिग्ध असते, असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. परंतु एखाद्या अधिनियमातील लांबलचक यादी किंवा निरुपद्रवी दिसणारे एखादे एकवचनी नाम न्यायासनासमोर कसे उसवले जाते हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला तो समज फार काळ बाळगता येत नाही.

अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, जादा तासांचा वाढीव मोबदला ज्यांना लागू नाही अशा कामांची एक यादी होती. शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत खाद्यपदार्थ डबाबंद करणे, गोठवणे, सुकवणे, साठवणे, अशी ती चालत येऊन अखेरीस ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ या शब्दांपाशी थांबत असे, आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. रवानगीसाठी वा वितरणासाठी माल बांधणे एवढे एकच काम येथे अभिप्रेत असेल, तर माल न बांधता केवळ पोचवणारे ओकहर्स्ट डेअरीचे वाहनचालक मोबदल्यास पात्र ठरतात. बांधणे हे एक आणि वितरण हे दुसरे काम मानले, तर त्यांचा हक्क बुडतो. यादीतील इतर सर्व कामे ‘इंग’ प्रत्ययाची आहेत, ‘डिस्ट्रिब्यूशन’ तेवढे तसे नाही, तेव्हा त्याची जोडी ‘शिपमेंट’शीच, असे चालकांचे म्हणणे, तर तसे असते तर यादीच्या शेवटच्या कामाआधी, म्हणजे ‘पॅकिंग’पूर्वी, ‘ऑर’ यायला हवा होता, शिवाय शेवटच्या पदापूर्वी स्वल्पविराम देऊ नये अशी राज्याच्या मसुदालेखकांना सूचनाच होती, असा कंपनीचा बिनतोड वाटणारा जबाब. दोन्ही युक्तिवाद व्याकरणशुद्ध आहेत, आणि मला यातले सर्वांत गंभीर तेच वाटते, कारण व्याकरण जेथे दोघांनाही सारखीच साथ देते तेथे निवाडा दुसऱ्या कोणत्या तरी तत्त्वावर करावा लागतो. बोस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये कलम संदिग्ध ठरवले, श्रमिकांच्या हितासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा हे तत्त्व स्वीकारले आणि चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढे ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

एकवचनाचा पेच याहून सूक्ष्म आहे. परदेशी नागरिकाने अमेरिकेत सलग १० वर्षे वास्तव्य केले असेल, तर हद्दपारीतून सूट मागण्याची एक वाट त्याला मोकळी होते; परंतु हजर राहण्याची ‘अ नोटिस’ त्याच्या हाती पडताच ती मोजणी थांबते. त्या नोटिशीत आरोप, सुनावणीची वेळ, स्थळ इत्यादी मजकूर असावा, अशी यादी कायद्यानेच दिली आहे. एका स्थलांतरिताला सरकारने आरोपांचा कागद आधी आणि वेळ-स्थळाचा कागद दोन महिन्यांनी धाडला. यादी पूर्ण झाली. पण नोटीस ‘एक’ झाली काय? निझ-चावेझ विरुद्ध गार्लंड या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, नाही, दस्तऐवज एकच हवा.

आपल्या १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाचे १३ वे कलम एकवचनात अनेकवचनाचाही समावेश करते, म्हणून हा कज्जा आपल्याकडे उद्भवणारच नाही असे कोणी म्हणेल; परंतु विषय वा संदर्भ विरोधी नसेल तरच ते कलम लागू होते, आणि संदर्भ विरोधी आहे की नाही हाच तर मूळ वाद असतो. तेव्हा संदिग्धता समूळ नाहीशी होईल ही आशा सोडून, तिचा भार कोणी वाहावा हे ठरवणे अधिक प्रामाणिकपणाचे. ज्याच्या हाती लेखणी होती त्याने तो वाहावा, ज्याची रोजी वा वास्तव्य त्या वाक्यावर टांगलेले आहे त्याने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेनच्या विधिमंडळाने चालकांच्या निकालाच्याच वर्षी, २०१७ मध्ये, जादा तासांचे ते कलम दुरुस्त केले: कामाकामांमध्ये अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या जागी ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ लिहिले. एवढे श्रम पहिल्या मसुद्याच्या वेळीच घेता आले असते.